कुणाकुणाचं ऐकू, ताई?

"डॉक्टर एक सांगतात, थेरपिस्ट दुसरं, शाळेतल्या बाई तिसरं. कुणाकुणाचं ऐकू, ताई?" मी समुपदेशक. पंधरा दिवसांत चौथ्या आईने हे विचारलं, म्हणून एक जुना अनुभव लिहिते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

सहा वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी; सोबत फिट्स, गिळायलाही त्रास. आई एकटीच यायची, कापडी पिशवीत जाडजूड फाइल घेऊन. घरी व्यायाम होत नाहीत, ही सगळ्यांचीच तक्रार. मीही नोंदीत लिहून ठेवलं होतं, 'पालकांचे सहकार्य कमी'. त्या ओळीची आज लाज वाटते.

मूल एकटं माझ्यासमोर येत नाही, अख्खं घर येतं, असं मी मानते. इतक्या वर्षांत या मानण्याने मला क्वचितच तोंडघशी पाडलंय. म्हणून आईला म्हटलं, "त्याला भरवतं कोण, अंघोळ कोण घालतं? त्यांनाही आणा."

बाबा दाराजवळच्या खुर्चीत टेकले. आजींच्या मांडीवर नातू. फाइलमधले 'घरी करायचे' कागद मी बाबांपुढे ठेवले आणि मिनिटं मांडायला सांगितली. स्नायू ताणणं 40, दोनदा. तोंडाचे व्यायाम 20, तीनदा. हाताचे 45. अभ्यास 60. एकूण 245.

बाबांनी बेरीज पुन्हा केली. "हे रोज?" बायको गप्पच.

आजी म्हणाल्या, "मग पोरानं खेळायचं कधी?"

चार तज्ज्ञ, चौघांचंही बरोबर. बेरीज मात्र कुणी केली नव्हती, मीही नाही. जे कुणालाच जमलं नसतं, त्याला आम्ही 'सहकार्य नाही' म्हणत होतो.

आजींना विचारलं, "भरवता कसं?"

"मांडीवर आडवा घेऊन. लेकरं अशीच वाढवली."

आडव्या मुलाचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून सरळ बसवून भरवायला सांगितलं होतं. पण सांगितलं आईला. भरवत होत्या आजी. "सून म्हणाली होती तसं," त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तिला माझं भरवणंच आवडत नाही." सून रडायला लागली. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मग आईच्या संमतीने चौघांना फोन केले: या महिन्यात एकच गोष्ट करायची, तर कोणती? फिजिओथेरपिस्टने ताणायचे व्यायाम आजींना तेल लावतानाच करायला शिकवले. फिट्सच्या गोळ्या बाबांकडे गेल्या.

तुम्हीही हाच प्रश्न प्रत्येक तज्ज्ञाला विचारा. उत्तरं एकाच वहीत लिहा आणि ती वही पुढच्या तज्ज्ञापुढे उघडा. जो मुलाला हाताळतो, तो भेटीला हवाच. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे; त्यातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वेगवेगळे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर 'निरामय' योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. हे सांगायचं राहून गेलं, असं मला फार घरांत दिसतं.

दीड महिन्यानं त्यांची वही पाहिली. आजींचं थरथरतं अक्षर: 'बसून वरणभात. ठसका नाही.' खाली बाबांचं: 'गोळी 8.10. उशीर माझ्यामुळे.'