समावेशक, समावेशित आणि गंगावेश

कोल्हापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याच्या पद्धतीला समावेशी, समावेशित की समावेशक शिक्षण म्हणावे.

‘समावेशी’ हिंदीत शोभतो, त्याला तिथेच राहू द्यावे. चीड येते ती परिपत्रकांपासून शाळांच्या फलकांपर्यंत ठाण मांडून बसलेल्या ‘समावेशित’ची. ‘पराजित’ म्हणजे हरवला गेलेला, तसे ‘समावेशित शिक्षण’ म्हणजे कशात तरी सामावले गेलेले शिक्षण! सामावले जाते ते मूल. सामावून घेणारे शिक्षण समावेशकच. ‘आता रूढ झाले’ हा भाषांतरकारांचा बचाव मला मान्य नाही, कारण या एका प्रत्ययात सारा इतिहास अडकला आहे. अठराव्या शतकात पॅरिसचे धर्मगुरू ल एपे बहिऱ्या मुलांकडे वळले ते त्यांना धर्मशिक्षण मिळावे म्हणून. आपल्याकडेही 1887 साली अमृतसरला अंधांची शाळा काढली ती मिशनरी ॲनी शार्प यांनी. त्या शाळा वेगळ्याच होत्या. 1974 च्या केंद्रीय योजनेने मुलाला सर्वसाधारण शाळेत आणले, तरी जुळवून घ्यायचे ते बहुतांशी मुलानेच, म्हणजे ते मूल तेवढे समावेशित. शाळेने स्वतः बदलावे हा आग्रह स्पेनमधील सालामांका येथे झालेल्या युनेस्को परिषदेच्या 1994 च्या जाहीरनाम्याने जगभर पोचवला आणि आपल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील व्याख्येतही अध्यापनाची पद्धतच मुलांच्या गरजेनुसार बदलायची आहे.

मात्र खरी गंमत धातूत आहे. सम् + आ + विश्. विश् म्हणजे आत शिरणे. ‘प्रवेश’ सर्वांना दिसतो. पण घर या अर्थाचे ‘वेश्म’, ‘प्रतिवेशी’पासून झालेला ‘पडोशी’, इतकेच काय, ग्रीकांचा घरवाचक ‘ओइकोस’ही याच कुळातला. आणि माझ्या मते आपली वेसही! ज्यांना आपण शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्यांना वेशीच्या आत घेणे म्हणजे समावेश. म्हणूनच कोल्हापुरातील गंगावेश, रंकाळावेश या भागांच्या पाट्यांवरचा ‘श’ चुकीचा ठरवून तिथे ‘स’ घालू पाहणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. ‘वेशीवर’मधला ‘श’ पुढच्या ‘ई’मुळे येतो, जसा ‘म्हैस’चा ‘म्हशीला’ होतो, असे ते ऐकवतात. त्यांचा नियम खरा, पण त्यांनी म्हशीचे मूळही एकदा तपासावे: ती संस्कृतात ‘महिषी’ होती, तिच्यात ‘स’ आला तो प्राकृतात.