एका मुलापासून सुरू कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तिबेटवरचा तुझा लेख दोनदा वाचला. कळकळ पोचली. पण ‘दडपशाही’, ‘अत्याचार’ हे शब्द इतक्यांदा आलेत की त्यांत माणूसच दिसेनासा झालाय. लेख टाकू नकोस. एका मुलापासून पुन्हा सुरू कर.

गेदुन चोकी न्यिमा. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी त्याला अकरावे पंचेन लामा, म्हणजे तिबेटी बौद्धांत दलाई लामांखालोखालचे मोठे धर्मगुरू, म्हणून जाहीर केलं आणि तीनच दिवसांनी सहा वर्षांच्या त्या पोराला आईवडिलांसकट चिनी अधिकाऱ्यांनी उचललं. त्यानंतर बाहेरच्या कुणीही त्याला पाहिलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने विचारणा केली. चीनचं म्हणणं, तो नीट आहे, त्याला त्रास नको. त्या गादीवर बीजिंगने दुसराच मुलगा बसवला. पुढचे दलाई लामा ओळखण्यात पंचेन लामांचा परंपरेने वाटा असतो, हे वाचकाला नीट उलगडून सांग. मग चीनचा २००७ चा नियम सांग: लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारची मंजुरी हवी. धर्मस्वातंत्र्य कुठे अडलंय ते याहून स्पष्ट कुठे दिसणार?

‘जगाला चिंता आहे’ असं मोघम नको. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिबेटवर १९५९, १९६१ आणि १९६५ साली ठराव केले. पहिल्या वेळी भारत तटस्थ राहिला. झोंबेल, तरी लिही. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन तज्ज्ञांनी सुमारे १० लाख तिबेटी मुलं निवासी शाळांत आपल्या भाषेपासून तुटत असल्याचं म्हटलं. चीन हे नाकारतो, तेही दे. मात्र स्वतंत्रपणे तपासायला तिथे मोकळेपणी जाता येत नाही, हे त्याला लागूनच लिही.

आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत जाऊन ये. पहिल्या भेटीत वही काढू नकोस, नुसती बस, ऐक. कुणी तिबेटमधल्या बहिणीचं नाव, गाव सांगितलं तर ते छापायचं नाही. बाहेरच्या नातेवाइकांशी बोलल्यावरून तिथे माणसांना चौकशीला नेतात. माझ्या हातून असं एक नाव शेवटच्या प्रुफापर्यंत गेलं होतं. ऐनवेळी काढलं, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

नवा खर्डा पाठव. गेदुनचा जन्म २५ एप्रिल १९८९ चा. त्याचं आजचं वय पहिल्याच ओळीत येऊ दे.

तुझा,
सर