आपल्यात असं कोणी होतं का? लेकीला पत्र

प्रिय बाळा,

तुझ्या वर्गात मानवी हक्कांचं युनिट सुरू झाल्यापासून तू रोज एकेक नाव घेऊन घरी येतेस, रोझा पार्क्स, मंडेला, मलाला, आणि काल झोपताना विचारलंस की "आई, आपल्या मराठी लोकांत असं कोणी होतं का गं, की आपण फक्त सण करतो?" पाच मिनिटांत उरकण्यासारखा प्रश्न नाहीये हा, आणि तोंडी सांगायला गेले की माझं एकातून दुसरं निघत जातं, म्हणून लिहूनच देतेय. वाचताना कुठे अडलीस तर बाबाला विचार.

होते. भरपूर होते आणि अजून आहेत. पण "आपले" म्हणताना एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुला वाटेल आईने अर्धंच सांगितलं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा जेमतेम १७ वर्षांच्या, म्हणजे तुझ्या ताईएवढ्या. त्या शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या एक जास्तीची साडी बरोबर ठेवायच्या असं सांगतात. आता शिकवणाऱ्या सावित्रीबाई मराठी आणि शेण फेकणारेही मराठीच ना. लोकांच्या दबावापुढे ज्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं ते जोतीरावांचे वडील मराठी, आणि स्वतः ब्राह्मण असून ज्यांनी या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली ते तात्यासाहेब भिडेही मराठी. तेव्हा आपल्यात कोण होतं असं विचारलंस तर दोन्ही होते, आणि कुठल्या "आपल्या" लोकांच्या बाजूने आपण उभं राहायचं हे प्रत्येकाला ठरवावं लागतं, नुसतं मराठी असून ते आपोआप ठरत नाही.

दुसरं म्हणजे तू "ते" आणि "आपण" असे दोन गठ्ठे केलेस ना, तसे ते नाहीच आहेत. जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं. पुढे १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' नावाचं पुस्तक लिहिलं, आपल्याकडे जातीच्या नावाखाली माणसांना कसं गुलाम करून ठेवलंय त्यावर, आणि त्याची अर्पणपत्रिका कोणाला आहे माहितीये? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी स्वतःचा स्वार्थ न बघता काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना. अमेरिकेत गुलामी कायद्याने बंद होऊन तेव्हा ८ वर्षं झाली होती. फोन नाही, रेडिओ नाही, पुस्तकं बोटीने यायची, आणि पुण्यातला एक माणूस म्हणतोय की त्यांनी केलं ते माझ्या देशबांधवांनीही करावं. मला ही अर्पणपत्रिका फार महत्त्वाची वाटते, कारण दूरच्या माणसाचं दुःख वाचून त्याला त्यात स्वतःच्या गावातलं दुःख दिसलं, आणि ते दिसलं म्हणूनच पुढचं सगळं झालं असं माझं मत आहे.

आता तुझ्या रोझा पार्क्सकडे येते. तुझ्या वर्कशीटवर लिहिलंय की ती दमली होती म्हणून गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडली नाही. हे मला पटत नाही गं. १ डिसेंबर १९५५ ला मॉन्टगमरीत तिला अटक झाली तेव्हा ती ४२ वर्षांची होती आणि कित्येक वर्षं काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या तिथल्या शाखेची सेक्रेटरी होती, त्याच उन्हाळ्यात टेनेसीमधल्या एका शिबिरात जाऊन हक्कांसाठी कसं लढायचं याचं ट्रेनिंग घेऊन आलेली. तिने विचार करून केलं ते. आणि तिच्या ९ महिने आधी क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने अगदी हेच केलं होतं, तिलाही पोलिसांनी ओढत बसमधून खाली काढलं, पण तिचं नाव तुझ्या वर्कशीटवर नाही. रोझाला अटक झाल्या रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या कॉलेजच्या प्राध्यापिकेने रात्रभर जागून सायक्लोस्टाईल मशीनवर हजारो पत्रकं काढली की सोमवारी कोणी बसमध्ये चढू नका. त्यानंतर ३८१ दिवस तिथले काळे लोक बसमध्ये चढले नाहीत, चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. या गाड्यांच्या पेट्रोलला पैसे लागायचे तर जॉर्जिया गिलमोर नावाची एक बाई आणि तिच्या मैत्रिणी केक, पाय, जेवणाचे डबे करून विकायच्या आणि पैसे आंदोलनाला द्यायच्या. कोणाकडून आले विचारलं की उत्तर "कुठूनच नाही", त्यांच्या गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' होतं, कारण यातल्या बऱ्याच बाया गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या आणि नाव फुटलं असतं तर नोकरी गेली असती. आणि शेवटी कोर्टात ज्या केसमुळे बसमधला भेदभाव बेकायदा ठरला ती रोझाची नव्हतीच, ती चार बायकांची होती आणि त्यात क्लॉडेट होती. एवढं सगळं एका "दमली होती" मध्ये बसवायचं म्हणजे त्या सगळ्यांवर अन्याय आहे.

तसंच महाडचं. हे मात्र नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं. महाड कोकणातलं गाव. तिथे चवदार तळं आहे. या तळ्याचं पाणी सगळे प्यायचे, गुरंढोरंसुद्धा, पण ज्यांना अस्पृश्य म्हणायचे त्या माणसांना मनाई. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला, कागदावर सगळं झालं, आणि तळ्यावर जायची कोणाची हिंमत होईना. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे परिषद भरली, गावोगावचे हजारो लोक आले, परिषदेला प्यायला पाणीसुद्धा ४० रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सगळ्यांना घेऊन शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. एवढंच. पाणी प्यायले. त्यावर गावात अफवा उठली की आता हे देवळात घुसणार, आणि परतीला निघालेल्या लोकांवर, जेवायला बसलेल्यांवर, बायकापोरांवर लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला झाला. काही जणांना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला म्हणून ते वाचले. बाबासाहेबांबरोबर तरुणांची कमी नव्हती, त्यांनी नुसती खूण केली असती तर रक्त सांडलं असतं, पण त्यांनी हात उगारू दिला नाही. नंतर तळ्यात गोमूत्र वगैरे ओतून ते "शुद्ध" करण्यात आलं, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये परत परिषद घ्यायची ठरलं तर मंडपाला कोणी जागा देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तळ्यावर मात्र कोर्टाची मनाई आली, आणि मग दावा चालला. किती चालला? मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्याला १० वर्षं. तुझं अख्खं वय जवळजवळ. मोर्चाचे फोटो पुस्तकात येतात पण ही कोर्टातली, कागद गोळा करण्याची, साक्षीदार शोधण्याची वर्षं कुठे येत नाहीत, आणि माझ्या मते लढा तिथे जास्त असतो.

आता तुझ्या दोन गठ्ठ्यांचं परत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले हे तुला माहितीये. पण १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, हे काळ्या लोकांच्या चळवळीतले फार मोठे विद्वान, की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, आम्हीही तसं काही करायच्या विचारात आहोत. आणि डु बॉइस यांनी उत्तर दिलं, की तुमचं नाव मला ठाऊक आहे आणि तुमच्या लोकांबद्दल मला सहानुभूती आहे. ही दोन्ही पत्रं जपून ठेवलेली आहेत, स्कॅन करून सगळ्यांना बघायला खुली आहेत, छोटीशीच आहेत. पुढे मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख "अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य" अशी करून दिली. किंग यांनी नंतर १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलं की आधी ते ऐकून त्यांना धक्का बसला, जरा रागही आला, आणि मग विचार करताना वाटलं की हो, आहेच मी. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार अशा तरुणांनी दलित पँथर काढली, नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. म्हणजे जोतीरावांनी १८७३ ला सुरू केलेली ही देवाणघेवाण शंभर वर्षं चालूच होती. मग कोण कुठल्या गठ्ठ्यात?

तू असंही म्हणालीस की हे सगळे खूप ब्रेव्ह होते, मी तशी नाहीये. त्यावर अर्जेंटिनातल्या आयांबद्दल सांगते. १९७६ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि हजारो तरुण मुलंमुली घरातून उचलून नेली, कुठे नेलं ते सांगेनात. एप्रिल १९७७ मध्ये काही आया राजधानीतल्या मोठ्या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर, जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आधी राजकारणाशी फारसा संबंध नव्हता, त्यांना फक्त आपली मुलं कुठे आहेत ते हवं होतं. घोळका करायला बंदी आहे, चालत राहा असं पोलीस म्हणाले तर त्या दोघीदोघी हातात हात घालून चौकात गोल चालायला लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल, आणि हे दर गुरुवारी. त्यांच्यातल्या पुढाकार घेणाऱ्या अझुसेना विल्याफ्लोर, त्यांनाच त्या डिसेंबरमध्ये पळवून नेऊन मारलं. बाकीच्या पुढच्या गुरुवारी परत आल्या. त्या घाबरल्या नसतील असं मला अजिबात वाटत नाही, आई म्हणून तर मुळीच नाही, घाबरूनच आल्या असतील.

आणि हे फक्त जुनं नाहीये. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षं जादूटोण्याच्या नावाखाली लोकांना फसवणाऱ्या, छळणाऱ्या बाबाबुवांविरुद्ध कायदा मागितला, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या, आणि मग त्याच आठवड्यात सरकारने तो अध्यादेश काढला. मी तो दिवस विसरू शकत नाही. जातपंचायती माणसांना वाळीत टाकतात, लग्नाला बोलवत नाहीत, मयताला खांदा देत नाहीत, त्याविरुद्ध दाभोलकरांच्याच कार्यकर्त्यांनी पुढे जोर लावला आणि २०१६ मध्ये विधिमंडळात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर झाला, भारतात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

आणि इथे अमेरिकेत, आपण राहतो त्या देशात? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. विरोध करणाऱ्यांतही भारतीयच होते. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं पण गव्हर्नरांनी त्याच वर्षी सही न करता परत पाठवलं. म्हणजे जात आपण बॅगेत घालून इथवर आणलीय, आणि ती बॅग उघडून दाखवणारेही आपलेच आहेत.

तू मागे विचारलं होतंस बघ, की आपल्या ओळखीतल्या मोठ्या माणसांना आडनाव सांगितलं तरी ते पुन्हा "म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" असं का विचारतात, आणि मी म्हटलं होतं मोठी झालीस की सांगेन. सगळेच वाईट हेतूने विचारत नाहीत, काहींना खरंच गावच हवं असतं. पण बऱ्याचदा त्यांना जात हवी असते, आणि सरळ विचारायला लाज वाटते म्हणून असं फिरवून विचारतात. तुला कोणी असं विचारलं तर जन्म कुठल्या शहरात झाला ते सांग आणि थांब. आणि तुझ्यासमोर दुसऱ्या कुठल्या मुलीला विचारलं, आणि ती गप्प झालेली दिसली, तर तिच्या शेजारी जाऊन बस आणि विषय बदल, तेवढं तुला नक्की जमेल.

तुझी,
आई