हॉलमध्ये १० फुटी जिप्सम बोर्डचं पार्टिशन घालायचंय, खर्चाचा अंदाज कसा काढायचा?

आधी माप घ्या, मग रेट विचारा. १० फूट लांब आणि ९ फूट उंच म्हणजे ९० स्क्वेअर फूट, पण बोर्ड दोन्ही बाजूंनी लागतो म्हणजे बोर्ड १८०चा झाला, ६ बाय ४ची शीट २४ स्क्वेअर फुटाची असते तेव्हा साडेसात येतात, कापाकापीत वाया जातं म्हणून ९ धरा. फ्रेमला जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं) चॅनल वर-खाली मिळून २० फूट, आणि स्टड म्हणजे बोर्ड ज्यांना स्क्रूने बसवतात त्या उभ्या पट्ट्या दर २ फुटांवर म्हणजे ६ नग.

आता खरी मेख इथे आहे, कॉन्ट्रॅक्टर रेट सांगतो तो एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा हे स्पष्ट विचाराच, नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतात. जॉइंटला टेप, पुट्टी, पेंट, जीएसटी, लेबर, माल वर चढवायची हमाली, काय धरलंय काय नाही सगळं कागदावर लिहून घ्या.

दरवाजा असेल तर चौकटीच्या दोन्ही बाजूला जादा स्टड लागतात, त्यात लाकूड भरायचा खर्च वेगळा. टीव्ही किंवा शेल्फ लावायचं असेल तर त्या जागी आतून प्लाय आत्ताच टाकून घ्या प्लीज, नुसत्या जिप्समवर वजन टिकत नाही आणि नंतर बोर्ड फोडून परत करणं फार महागात पडतं. वायरिंग पण बोर्ड बंद करायच्या आधीच.

दोन बोर्डांच्या मध्ये ग्लासवूल (आवाज अडवणारा काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) मी तरी टाकाच म्हणेन, बेडरूमला आवाजाचा खूप फरक पडतो. एकूण अंदाजाच्या वर १०-१५ टक्के जादा पैसे हाताशी ठेवा.