इंग्रजी कादंबरीचा सगळा मजकूर फ्युचुरा फॉन्टमध्ये लावला तर चालेल का?

नको, फ्युचुरा मुखपृष्ठ आणि प्रकरणांच्या शीर्षकांपुरता ठेवा, आतल्या पानांना सेरिफ (अक्षरांच्या टोकांना असलेल्या बारीक रेघा) असलेला फॉन्ट लावा. पॉल रेनर यांच्या १९२७ च्या या फॉन्टचा साचाच वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेघेचा आहे. तेच त्याचं सौंदर्य आणि तीच अडचण: छोटा ‘ए’ म्हणजे एक गोल आणि उभी रेघ, त्यामुळे तो ‘ओ’, ‘डी’, ‘क्यू’ यांचाच भाऊ वाटतो. छोटा ‘एल’ आणि मोठा ‘आय’ तर नुसत्या उभ्या रेघा. चार शब्दांत हे झकास दिसतं, तीनशे पानांत डोळा अडखळतो. (सगळं कंपासने काढलेलंही नाही बरं, रेघ गोलाला जिथे मिळते तिथे ती मुद्दाम बारीक केली आहे, नाहीतर तिथे शाई साचल्यासारखी दिसली असती.) मोठ्या (कॅपिटल) लिपीत, अक्षरांमध्ये जरा मोकळी जागा सोडली की मात्र तो भारदस्त दिसतो, अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या पाटीचा मजकूर फ्युचुरातच आहे. पानावर चार-पाच ओळी असलेलं चित्रांचं पुस्तक असेल तर खुशाल वापरा, फक्त ओळींमधलं अंतर नेहमीपेक्षा वाढवा.