अकाउंट्सच्या इंटरव्ह्यूला जाताना काय वाचायचं

तुझा प्रश्न वाचला. बीकॉम झालंय, टॅलीचा कोर्स केलायस, पुढच्या गुरुवारी भोसरीतल्या एका कारखान्यात ज्युनिअर अकाउंटंटचा इंटरव्ह्यू आहे, आधी दोन ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कळवलंच नाही, म्हणून आता यूट्यूबवर बघून "टेल मी अबाउट युअरसेल्फ" पाठ करतेयस. वयाने मोठा आहे म्हणून अगंतुगं करतोय, राग मानू नकोस. आमच्याकडे अकाउंट्सला येणाऱ्या मुलामुलींना प्रश्न विचारायला मीच बसतो, तर टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

ते पाठांतर आधी बंद कर. "आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग पर्सन" हे सगळेच म्हणतात, आम्ही तोवर रिझ्युमे चाळत असतो. आम्हाला एवढंच बघायचं असतं की हिला उद्या टेबलावर बसवलं तर अकाउंट्सचा महिना कसा जातो हे हिला माहितेय का. म्हणून तारखांपासून सुरू कर. 7 ला टीडीएस (पार्टीच्या पैशातून कापून ठेवलेला आयकर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (आपल्या विक्रीचं रिटर्न), 14 ला 2बी (सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची यादी) येतं, 15 ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा विमा), 20 ला 3बी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). (तिमाही रिटर्नवाल्यांचं वेगळं, पण कारखाना बऱ्यापैकी मोठा असेल तर महिन्याचंच धरून चल.) आता नुसत्या तारखा घोकल्या तर पुढच्याच प्रश्नाला अडकशील, की बाई, 14 ला 2बी आलं, त्यात आपल्या एका सप्लायरचं बिलच दिसत नाही, मग काय करशील? बिल हातात आहे, माल आलाय, पण त्याने त्याचं जीएसटीआर-1 भरलेलं नाही, म्हणजे त्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) आपल्याला या महिन्यात घेता येत नाही, त्याच्या मागे लागून भरून घ्यायचं आणि पुढे 2बीमध्ये आलं की मग घ्यायचं. इतकं जरी नीट बोललीस ना, अगदी मराठीत, तरी समोरचा सरळ होऊन बसतो.

दुसरं म्हणजे एन्ट्री. बहुतेक ठिकाणी एक कागद पुढे सरकवतात किंवा सरळ टॅलीवर बसवतात. माझा आवडता प्रश्न सांगून टाकतो, कारण थोड्याफार फरकाने सगळे हाच विचारतात. लेबर कॉन्ट्रॅक्टरचं बिल आलं, 50,000 अधिक 18 टक्के जीएसटी 9,000, एकूण 59,000. एन्ट्री कर. दहातले निम्मे लोक 59,000 वर टीडीएस काढून मोकळे होतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस 50,000 वरच. आणि किती टक्के? इथे घाईघाईत "दोन" म्हणू नकोस, उलट विचार की पार्टी प्रोप्रायटर आहे का फर्म? व्यक्ती किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर 1 टक्का, बाकीच्यांना 2. ते कळतं कसं, तर पॅनच्या चौथ्या अक्षरावरून, पी असेल तर व्यक्ती, एफ फर्म, सी कंपनी, एच एचयूएफ. समजा फर्म आहे, तर खर्च डेबिट 50,000, पार्टी महाराष्ट्रातलीच म्हणून सीजीएसटी (केंद्राचा) 4,500 आणि एसजीएसटी (राज्याचा) 4,500 डेबिट, टीडीएस पेएबल क्रेडिट 1,000, पार्टी क्रेडिट 58,000. ही एन्ट्री वहीवर न बघता चार-पाच वेळा लिहून काढ, आकडे बदलून, पार्टी बदलून, एकदा गुजरातची पार्टी धरून आयजीएसटी लावून. कॉन्ट्रॅक्टरच्या या टीडीएसला बोलताना सगळे अजून जुन्या कलमाच्या नंबराने 194सी च म्हणतात पण 2025 चा नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, एवढं माहीत असू दे.

बँक रिकन्सिलिएशनचं (आपल्या वहीतली बँकेची शिल्लक पासबुकाशी जुळवायचं) एक उदाहरण करून जा. आपण दिलेला चेक अजून वटला नाही तर पासबुकात शिल्लक जास्त दिसेल का कमी, इथे लोक गडबडतात. (जास्त.) टॅलीत एफ4 ते एफ9 या बटणांवरचे व्हाउचर (एन्ट्रीचे प्रकार) बोटांवर हवेत, बस्स.

पगाराची बाजू विचारली तर पीएफ 12 टक्के आणि ईएसआयची महिना 21,000 पगाराची मर्यादा सांगितलीस की झालं. एक खोचक प्रश्न असतो, महाराष्ट्रात फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स किती कापतात? एरवी 200, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500 होतात. आणि बायकांना महिना 25,000 पर्यंत शून्य, म्हणजे बहुधा तुझ्या स्वतःच्या स्लिपमध्ये तो नसेलच!

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. एमआयडीसीत निम्मं काम मराठी-हिंदीत फोनवरच चालतं. फक्त पार्टीला पेमेंटची आठवण करणारा दोन ओळींचा मेल इंग्रजीत लिहिता यायला हवा, तो कधीकधी समोर बसवून लिहायला लावतात. कपडे साधे, इस्त्री केलेले, त्यावर रात्र घालवू नकोस. येत नसेल ते "हे केलेलं नाही" म्हणून सांग, ठोकून दिलेलं उत्तर पुढच्या प्रश्नात पकडलं जातंच.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतील, तेव्हा गप्प बसू नकोस. टॅली वापरतात का दुसरं सॉफ्टवेअर, जीएसटी रिटर्न ऑफिसातच भरतात का बाहेरच्या सीएकडे जातं, हे विचार. रिटर्न बाहेर जात असेल तर तुला नुसती बिलं पंच करावी लागतील, मग पगार थोडा बरा असला तरी शिकायला कमी, हे ध्यानात ठेवून ठरव. आणि जॉइन होताना कोणी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं किंवा ट्रेनिंगचं डिपॉझिट मागितलं तर तिथून सरळ उठ. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि ओरिजिनल पर्समध्ये परत.