नव्या फौजदारांसाठी समस्याधारित अध्ययन : समस्या नेमकी कोणाची असावी?

आपण विचारले आहे की, हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक या पदांवरून बढती मिळून उपनिरीक्षक झालेल्यांसाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम समस्याधारित पद्धतीने आखायचा असेल तर सुरुवात कोठून करावी. शिवाय प्रकरणांवर चर्चा तर आंतरवर्गात, म्हणजे वर्गखोलीतील शिकवणीत, पूर्वीपासून होतेच, मग यात निराळे काय, आणि वीस-वीस वर्षे ठाण्यात काढलेल्या माणसांना गटागटाने बसवणे त्यांना पोरखेळ वाटणार नाही काय. मी पोलीस दलातून निवृत्त झालो असून नोकरीची शेवटची वर्षे प्रशिक्षणात गेली. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम फरक सांगतो. आपल्याकडील नेहमीच्या पद्धतीत आधी कलम शिकवले जाते आणि मग ते लागू करून दाखवण्यासाठी एखादे प्रकरण सांगितले जाते; तेथे उत्तर फळ्यावर आधीच लिहिलेले असते. समस्याधारित अध्ययनात समस्या आधी येते, तीही अर्धवट माहितीची, आणि कोणते कलम, कोणता परिपत्रकातील आदेश, कोणता माणूस आपल्याला लागणार आहे हे गटाने स्वतः हुडकायचे असते. ही पद्धत कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रुजली. पोलिसांत ती नंतर आली : कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने रेजायना येथील आपल्या प्रशिक्षण केंद्रात ती स्वीकारली, आणि अमेरिकेत नेवाडा राज्यातील रीनो शहराच्या पोलीस दलाने नवशिक्या पोलिसांच्या प्रत्यक्ष ड्यूटीवरील प्रशिक्षणाचा संपूर्ण आराखडा तिच्यावर बसवला. हे दोन्ही आराखडे वाचण्यासारखे आहेत. मात्र ते मुळात भरती झालेल्या नवख्या शिपायांसाठी आहेत, पर्यवेक्षकांसाठी नाहीत. हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता आणि माझी पहिली तुकडी त्यामुळेच वाया गेली.

त्या तुकडीला मी सराफी दुकानातील घरफोडीची समस्या दिली होती : आपण घटनास्थळी पोहोचलात, पुढे काय कराल? वीस मिनिटांत सगळे गट मोकळे झाले. एका हवालदाराने तर श्वानपथक येण्यापूर्वी बघ्यांनी जागा तुडवू नये म्हणून दोर कोठे बांधायचा, हेही काढून दाखवले. उत्तरे माझ्या टिपणापेक्षा चांगली होती आणि कोणी काहीही नवे शिकले नव्हते, कारण जे काम ही माणसे वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी करत आली आहेत तेच मी त्यांना पुन्हा करायला सांगितले होते. खांद्यावर दोन तारे लागले की काम हातातून जाते आणि जबाबदारी तेवढी उरते. दुसऱ्याने केलेल्या, किंवा न केलेल्या, कामाखाली आपली सही येते. म्हणून नव्या फौजदाराला द्यायची समस्या ‘तुम्ही काय कराल’ अशी नसावी. कोणाकडून काय करून घ्याल, ते झाले हे तुम्हाला कशावरून कळेल, आणि झाले नाही असे दिसले तर त्या माणसाशी काय बोलाल, हे विचारणारी असावी.

उदाहरणादाखल मी पुढे वापरत असलेली एक समस्या सविस्तर सांगतो. ती चार चिठ्ठ्यांमध्ये द्यायची, एकदम नाही.

पहिली चिठ्ठी : रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटे झाली आहेत, आपण रात्रपाळीचे अधिकारी आहात, सायंकाळी चोरीच्या गुन्ह्यात अटक केलेला ४५ वर्षांचा इसम लॉकअपमधून छातीत दुखत असल्याचे सांगतो आहे आणि गार्डवरील अंमलदार म्हणतो, “नाटक करतोय साहेब.” यावर दवाखान्यात पाठवू, असे सगळेच म्हणतात आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या चिठ्ठीत कळते की ११२ ची गाडी हाणामारीच्या कॉलवर गेली आहे, दुसरी बंदोबस्तात आहे, आणि गार्डवरील जो दुसरा अंमलदार हजेरीत दाखवला आहे तो जेवायला घरी गेला आहे. येथे गट जरा सावरून बसतो. १०८ ला फोन करणे सोपे आहे, पण आरोपीसोबत कोणाला पाठवायचे, मागे लॉकअप कोणी सांभाळायचे आणि घरी गेलेल्याच्या बाबतीत आत्ता काय व सकाळी काय, यावर खरी चर्चा सुरू होते.

तिसरी चिठ्ठी सर्वांत जड आहे. स्टेशन डायरी उघडल्यावर दिसते की रात्री १२ आणि १ वाजताच्या लॉकअप तपासणीच्या नोंदी, ‘आरोपी सुस्थितीत’, आधीच लिहून ठेवल्या आहेत. आणि त्या लिहिणारा ठाणे अंमलदार म्हणजे ज्याच्या हाताखाली आपण नोकरीची पहिली वर्षे काढली तो हवालदार, निवृत्तीला सहा महिने राहिलेला. चौथ्या चिठ्ठीत आरोपीचा भाऊ ठाण्याच्या दारात उभा आहे. अटकेची खबर त्याला शेजाऱ्याकडून मिळाली, ठाण्यातून कोणीही फोन केला नाही.

एका तुकडीत या टप्प्यावर एक प्रशिक्षणार्थी सहज म्हणाला, “राहू द्या ती नोंद, तासाभरात खरीच होईल.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्याच्याच गटातील दुसऱ्याने विचारले की, रात्री एक वाजता आरोपी जर दवाखान्यात असेल, तर तो लॉकअपमध्ये सुस्थितीत असल्याची ही नोंद कोणाच्या अंगावर येईल? आणि तो वाचलाच नाही तर? त्यानंतरचा तासभर मला खडूही हातात घ्यावा लागला नाही. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची प्रत त्यांनी आपणहून मागितली आणि कलमे एकेक करून त्यांनीच काढली : अटकेनंतर वैद्यकीय तपासणीचे ५३, अटकेची खबर नातेवाइकांना देण्याचे ४८, ताब्यातील व्यक्तीच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेण्याचे ५६, कोठडीतील मृत्यूच्या दंडाधिकारी चौकशीचे १९६. अटक झालेल्यांची माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक ठाण्यात जो अधिकारी नेमायचा असतो तो सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाखालील नसावा, हे कलम ३७ मध्ये वाचून दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अटक व कोठडीविषयीच्या डी. के. बसू खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचे आदेश प्रत्येकाने भिंतीवरच्या फलकावर पाहिलेले होते. ताब्यातील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी हा त्यातलाच एक आदेश आहे, हे मात्र अनेकांनी त्या दिवशी प्रथमच नीट वाचले. कोठडीत मृत्यू झाल्यास राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांच्या आत कळवावे लागते, हेही त्यांनीच शोधले.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्यामुळे या पद्धतीचा एक अनपेक्षित फायदा झाला आहे. गुन्ह्याची खबर नोंदवण्याचे १५४, अकस्मात मृत्यूच्या चौकशीचे १७४ हे जुन्या कलमांचे आकडे आमच्या पिढीच्या जिभेवर असे बसले आहेत की त्यांच्या जागी १७३ आणि १९४ म्हणताना अजून अडखळायला होते. नव्या-जुन्या कलमांचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा समस्येच्या ओघात पुस्तक उघडायला लावले तर नवा आकडा प्रसंगासह ध्यानात राहतो. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक आहे, हे सर्वांना माहीत असते. पण आपल्या हवालदाराने पंचनामा व्यवस्थित केला, मुद्देमालही मिळाला आणि चित्रीकरण मात्र ‘मोबाईलची बॅटरी उतरली’ म्हणून झाले नाही, अशा वेळी पर्यवेक्षक अधिकारी त्या वस्तुस्थितीची नोंद प्रामाणिकपणे कशी करतो, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून हजेरीच्या वेळी काय तपासतो, हे व्याख्यानातून येत नाही.

कायद्याशिवायची एक समस्या अवश्य ठेवावी. माझी आवडती समस्या रजेची आहे : गणेशोत्सवाचा बंदोबस्त लागला आहे, तीन अर्ज समोर आहेत आणि एकच रजा देता येते. एकाच्या वडिलांची अँजिओप्लास्टी आहे. एकीच्या मुलीचा साखरपुडा आहे आणि तिची रजा गेल्या वर्षीही नाकारली गेली होती. तिसऱ्याने कारण लिहिलेले नाही, पण दोन महिन्यांपासून तो कोणाशी बोलत नाही आणि ड्यूटी संपल्यावर दारू पितो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक गट वडिलांच्या आजारपणावर थांबतात. तिसऱ्या अर्जाकडे कोणीतरी परत वळेपर्यंत मी वाट पाहतो, आणि कोणी वळलेच नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाची पुढची चिठ्ठी येते.

आता निर्देशकाविषयी, कारण ही पद्धत बहुधा तेथेच फसते. आपल्या खात्यात वर्गासमोर उभा असलेला माणूस हुद्द्याने मोठा असतो आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला प्रशिक्षणार्थी ‘साहेबांना काय हवे आहे’ याचा अंदाज घेऊन उत्तर देतात. त्यामुळे निर्देशकाने गणवेशाऐवजी साध्या कपड्यांत बसावे, गटात सहा-सात जणच असावेत आणि फळ्यावर एवढेच लिहावे : काय माहीत आहे, काय केवळ गृहीत धरले आहे, काय शोधायचे आहे, ते कोण व केव्हापर्यंत शोधणार. दुसरा रकाना सर्वांत उशिरा भरतो. ‘नाटक करतोय’ हे वाक्य बरेच गट पहिल्या रकान्यात लिहितात, आणि ते तेथून खोडून दुसऱ्यात नेताना जो वाद होतो तो माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त कामाचा असतो. निरीक्षणासाठी येणाऱ्या वरिष्ठांना विनंती करून वर्गाबाहेरच ठेवावे. हे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

पोरखेळ वाटेल ही आपली भीती पहिल्या दिवसापुरती खरी ठरते. समस्या पुस्तकी असेल तर माणसे हसतात. त्यांच्याच ठाण्यात घडण्यासारखी असेल, तर हसत नाहीत, उलट काही जण दुखावतात. डायरीची समस्या दिल्यावर एक ज्येष्ठ सहायक उपनिरीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले होते की, हे आपण आमच्यावरच लिहिले आहे काय. नव्हते लिहिले, पण मी तसे म्हटले नाही.

गुणांकनाबाबत रीनोच्या आराखड्यातील एक गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी : तेथे प्रशिक्षणार्थी रोजनिशी लिहितो आणि तिला गुण दिले जात नाहीत. आपल्याकडे गुण दिले की रोजनिशीत निबंध येतात. गुण द्यायचेच असतील तर ते अंतिम उत्तराला न देता, नवी चिठ्ठी आल्यावर गटाने आधीचा निर्णय कोणत्या आधारावर बदलला किंवा कायम ठेवला, त्या लेखी नोंदीला द्यावेत.

दोन आठवड्यांत चारपेक्षा जास्त समस्या घेऊ नयेत. कवायत आणि गोळीबार सराव वगळता उरणाऱ्या वेळेत तेवढ्याच नीट होतात, आणि सहावी समस्या घेणारा निर्देशक शेवटी उत्तरेच सांगू लागतो. शक्य असेल तर तुकडीला तीन महिन्यांनी एका दिवसासाठी परत बोलवावे आणि त्या दिवशी चिठ्ठी त्यांनी लिहून आणावी : आपापल्या ठाण्यातली, नावे गाळून, आणि अजून सुटलेली नसलेली. तशी आदेशाची तजवीज आपल्याकडून होत असेल तर कळवावे. आधी वापरलेल्या चिठ्ठ्यांचा संच मी टंकलिखित करून पाठवू शकेन.